किडनी रक्ताच्या नात्यातलीच हवी का? नात्यातला दाता, नात्याबाहेरचा दाता आणि आकड्यांचं उत्तर

डॉक्टरांनी 'आता ट्रान्सप्लांटचा विचार करा' असं सांगितलं की त्याच संध्याकाळी घरात बैठक बसते. साठीतली आई म्हणते, 'माझी घ्या, माझं काय राहिलंय आता.' बायको म्हणते, 'मी देते.' त्यावर कुणीतरी काका ठामपणे सांगतात, 'बायकोची नाही चालत, रक्ताच्या नात्याचीच लागते.' फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड येतो, त्यातही तेच लिहिलेलं असतं. मग आईच्या तपासण्या सुरू होतात, त्यात तिचा मधुमेह निघतो आणि दोन महिने हातातून जातात.

काकांचं म्हणणं कितपत खरं आहे? रक्ताच्या नात्यातल्या माणसाने दिलेली किडनी नात्याबाहेरच्या माणसाच्या किडनीपेक्षा खरंच जास्त टिकते का?

थोडक्यात सांगायचं तर एकेकाळी हे खरं होतं, आज बहुतांशी नाही. दाता जिवंत आणि निरोगी असेल, तपासण्या नीट झाल्या असतील, तर पत्नीने दिलेली किडनी आई-वडिलांनी दिलेल्या किडनीइतकीच चांगली चालते. नात्यापेक्षा जास्त फरक दुसऱ्या काही गोष्टींनी पडतो. पण आधी 'नातं' या शब्दाचा घोळ सोडवायला हवा.

'नातं' नेमकं कुणाच्या भाषेत?

डॉक्टर 'रिलेटेड डोनर' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जनुकं असतात. आई, वडील, सख्खी भावंडं, मुलं हे रिलेटेड. नवरा-बायको, सून, मेहुणा, मित्र हे अनरिलेटेड. कारण साधं आहे, पती-पत्नीत रक्ताचं नातं नसतं.

कायद्याची भाषा वेगळी आहे. भारतात १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा लागू आहे. त्यात 'जवळचे नातेवाईक' कोण, याची यादीच दिली आहे: पती किंवा पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. २०११ च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली. म्हणजे वैद्यकशास्त्राच्या हिशोबाने परकी असलेली बायको कायद्याच्या हिशोबाने जवळची. उलट मामा, मावशी, आत्या, चुलतभाऊ यांच्याशी रक्ताचं नातं असूनही कायद्याच्या यादीत ते नाहीत.

यादीबाहेरच्या माणसाला किडनी देता येत नाही असं नाही. माया, आपुलकी, जिव्हाळ्यापोटी देता येते. पण त्यासाठी ऑथरायझेशन कमिटीसमोर जावं लागतं. दात्यावर दबाव नाही ना, पैशांचा व्यवहार नाही ना, हे कमिटी तपासते.

ऑपरेशननंतर किडनी किती टिकेल, याचा संबंध पहिल्या व्याख्येशी आहे. परवानगी किती लवकर मिळेल, याचा संबंध दुसऱ्या व्याख्येशी. घरच्या बैठकीत या दोन गोष्टी एकात मिसळतात.

जुळणं म्हणजे काय?

तीन गोष्टी पाहिल्या जातात.

पहिली, रक्तगट. रक्त चढवताना जे नियम असतात, साधारण तेच इथे लागू होतात. ओ गटाचा माणूस कुणालाही देऊ शकतो, एबी गटाचा कुणाकडूनही घेऊ शकतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे अडथळा येत नाही.

दुसरी, एचएलए. आपल्या पेशींवर काही खुणा असतात, त्यावरून शरीर 'आपलं' आणि 'परकं' ओळखतं. या खुणांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. त्यामुळे आई किंवा वडील मुलाशी नेहमी निम्मे जुळतात. सख्ख्या भावंडांचं मात्र नशिबावर असतं: पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, निम्मं जुळण्याची ५० टक्के आणि अजिबात न जुळण्याची २५ टक्के. सख्खा भाऊ आहे म्हणजे जुळणारच, हे गणित इथेच कोसळतं. या खुणांच्या बाबतीत एखादा सख्खा भाऊ बायकोइतकाच परका निघू शकतो.

तिसरी, क्रॉसमॅच. दात्याच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडीज रुग्णाच्या रक्तात आधीच तयार आहेत का, हे त्यात कळतं. आज डॉक्टरांच्या दृष्टीने ही तपासणी फार निर्णायक आहे. एचएलए कमी जुळलं तर औषधांनी सांभाळता येतं. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली तर सहसा तो दाता बाजूला ठेवावा लागतो.

ही समजूत आली कुठून?

ती हवेतून आलेली नाही. जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टनमध्ये झालं. रोनाल्ड हेरिक यांनी आपला भाऊ रिचर्ड याला किडनी दिली. दोघं एकसारखे जुळे होते, त्यामुळे रिचर्डच्या शरीराने ती किडनी आपलीच समजून स्वीकारली. शस्त्रक्रिया करणारे डॉ. जोसेफ मरे यांना पुढे १९९० मध्ये नोबेल मिळालं.

पण प्रत्येकाला जुळा भाऊ कुठून मिळणार? शरीराने परकी किडनी नाकारू नये यासाठी तेव्हा पुरेशी औषधं नव्हती. नंतरची काही दशकं अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइडवर काम चाललं. त्या काळात एचएलए जितकं जास्त जुळेल तितकी किडनी टिकायची. 'रक्ताच्या नात्याचीच हवी' हा सल्ला त्या काळाचा आहे आणि त्या काळात तो बरोबर होता.

१९८३ मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिनला मंजुरी मिळाली. नंतर टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट आलं. शरीराचा विरोध दाबून ठेवणं पूर्वीपेक्षा खूप सोपं झालं. औषधं बदलली, सल्ला मात्र घराघरांत तसाच राहिला.

१९९५ मध्ये आकड्यांनी काय दाखवलं?

अमेरिकेतले शास्त्रज्ञ पॉल तेरासाकी यांनी १९६४ मध्ये टिश्यू टायपिंगची, म्हणजे दाता-रुग्ण जुळतात का हे पाहण्याची, जगभर वापरली गेलेली चाचणी तयार केली होती. जुळण्याचं महत्त्व ज्यांनी जगाला शिकवलं, त्याच तेरासाकी यांनी १९९५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या प्रत्यारोपणांचा हिशोब मांडला. तीन वर्षांनी किती टक्के किडन्या चालू होत्या?

• पती किंवा पत्नीने दिलेल्या (३६८ प्रत्यारोपणं): ८५ टक्के
• पती-पत्नी नसलेल्या, नात्याबाहेरच्या जिवंत दात्यांनी दिलेल्या (१२९): ८१ टक्के
• आई-वडिलांनी दिलेल्या (३,३६८): ८२ टक्के
• मृत व्यक्तीकडून मिळालेल्या (४३,३४१): ७० टक्के

८५ आणि ८२ मध्ये फार अर्थ शोधायचा नाही, ते जवळपास सारखेच आहेत. खरी गंमत पुढे आहे. पती-पत्नीचं एचएलए आई-वडिलांपेक्षा खूपच कमी जुळत होतं, तरी निकाल मागे पडला नाही. आणि मोठी दरी नात्यातला-नात्याबाहेरचा अशी नव्हती, ती जिवंत दाता आणि मृत दाता यांच्यात होती.

असं का? जिवंत दात्याची किडनी तपासून घेतलेली, निरोगी असते. एका टेबलवरून निघून शेजारच्या टेबलवर जाते, रक्तपुरवठा थोडाच वेळ तुटतो. मृत दात्याच्या शरीरात मेंदू मृत झाल्यावर रक्तदाब ढासळतो, अवयवांवर ताण येतो. पुढे किडनी बर्फात ठेवून दुसऱ्या हॉस्पिटलपर्यंत न्यायला कित्येक तास लागतात. किडनी कोणाची यापेक्षा ती कोणत्या अवस्थेत पोहोचली, हे जास्त महत्त्वाचं ठरलं.

मग रक्ताच्या नात्याला काहीच किंमत नाही?

तसंही नाही. एचएलए पूर्ण जुळणारं भावंड हा आजही सर्वांत चांगला दाता मानला जातो. आणि रुग्ण विशीतला असेल तर जुळणीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. त्याला आयुष्यात दुसरी, कदाचित तिसरी किडनी लागू शकते. पहिली किडनी जितकी कमी जुळलेली, तितक्या जास्त अँटिबॉडीज तयार होण्याची शक्यता आणि पुढचा दाता शोधणं तितकं अवघड.

पण रक्ताच्या नात्याची एक उलटी बाजूही आहे, ती बैठकीत कुणी काढत नाही. पॉलिसिस्टिक किडनी किंवा अल्पोर्ट सिंड्रोमसारखे आजार घराण्यात चालतात. भावाला झालेला आजार बहिणीच्या शरीरात अजून लपून बसलेला असू शकतो. तिने किडनी दिली आणि दहा वर्षांनी तिलाच डायलिसिस लागलं, असं होऊ नये म्हणून अशा घरात नातेवाइकांची जास्त कसून तपासणी लागते, गरज पडल्यास जनुकीय चाचणीही. अशा वेळी नात्याबाहेरचा दाता, म्हणजे बहुतेकदा पत्नी किंवा पती, हाच सुरक्षित पर्याय असतो.

नवऱ्याने बायकोला किडनी देताना एक वेगळी अडचण येऊ शकते. गरोदरपणात बाळामार्फत नवऱ्याच्या खुणांशी बायकोच्या शरीराची ओळख झालेली असते. कधी कधी त्याविरुद्ध अँटिबॉडीज तयार होतात. त्या आहेत का, हे क्रॉसमॅचमध्ये कळतं. नसतील तर नवरा बायकोला किडनी देऊ शकतो.

नात्याबाहेरचा दाता बदनाम का झाला?

याचं एक उत्तर मुंबईत सापडतं. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमधले १३० रुग्ण १९८० च्या दशकात मुंबईत येऊन दलालांमार्फत किडनी विकत घेऊन गेले होते. त्यांच्यापैकी जवळपास दर पाचांतला एक पहिल्या वर्षभरात दगावला. काहींना एचआयव्हीसह इतर संसर्ग झाले. आखाती देशातून आलेला रुग्ण आणि मुंबईतला गरीब विक्रेता, या दोघांत कसलंही नातं नव्हतं.

हा निकाल 'अनरिलेटेड' किडनीचा म्हणायचा का? पाच वर्षांनी आलेले अमेरिकेतले आकडे आठवा. तिथले नात्याबाहेरचे दाते आई-वडिलांच्या बरोबरीने होते. फरक रक्तात नव्हता, व्यवहारात होता. किडनी विकणारा माणूस आजार लपवतो, कारण खरं सांगितलं तर पैसे बुडतात. दलालाला घाई असते, तपासण्या उरकल्या जातात. ऑपरेशन झालं की रुग्ण विमान पकडतो, पुढच्या उपचारांची साखळी तुटते.

इथे एक प्रामाणिक शंका येईल: मग व्यवहार उघड केला, सरकारने देखरेख ठेवली तर? इराणमध्ये १९८८ पासून दात्याला मोबदला देण्याची अशी पद्धत आहे. तिथल्या एका केंद्राने २००६ मध्ये २,१५५ प्रत्यारोपणांचा २० वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. नात्याबाहेरच्या दात्यांच्या किडन्या नात्यातल्यांपेक्षा मागे पडल्या नव्हत्या. म्हणजे नीट तपासणी झाली तर पैसे दिल्याने किडनी खराब होत नाही. पण हे सगळे आकडे किडनी घेणाऱ्याचे आहेत. देणाऱ्याचं काय झालं, ते त्यांत दिसत नाही.

देणाऱ्याचा निकाल कोण मोजतो?

चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २००२ मध्ये अमेरिकेच्या 'जामा' या नियतकालिकात आला. त्यांतल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. नंतर घरचं सरासरी उत्पन्न एक तृतीयांशाने घटलं. कर्जासाठी विकणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या डोक्यावर तरीही कर्ज होतंच. ८६ टक्के म्हणाले, तब्येत बिघडली. ७९ टक्के म्हणाले, दुसऱ्या कुणाला हा सल्ला देणार नाही.

महाराष्ट्रालाही हे नवं नाही. २०१५ मध्ये अकोल्यात उघड झालेल्या प्रकरणात सावकारी कर्जात अडकलेल्या लोकांना किडनी विकायला लावल्याचा आरोप होता. २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये पुण्यात वेगळाच प्रकार समोर आला: पैसे घेऊन किडनी देणाऱ्या बाईला कागदोपत्री रुग्णाची बायको दाखवलं गेल्याचा. बायकोच का? कारण ती 'जवळची नातेवाईक', तिच्यासाठी तपासणीचा रस्ता सोपा. अवयवांच्या खरेदी-विक्रीसाठी पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी तरतूद असूनही हे घडतं.

स्वखुशीने देणाऱ्यालाही धोका अगदी शून्य नसतो. अमेरिकेत ८० हजारांहून अधिक दात्यांच्या अभ्यासात, ऑपरेशननंतरच्या ९० दिवसांत मृत्यूचं प्रमाण दर दहा हजारांत सुमारे ३ दिसलं. ९६ हजारांहून अधिक दात्यांच्या दुसऱ्या अभ्यासात, १५ वर्षांत दर दहा हजार दात्यांमागे सुमारे ३१ जणांच्या किडन्या निकामी झाल्या. तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या लोकांत हे प्रमाण सुमारे ४ होतं. धोका लहान आहे, पण आहे. किडनी दिलेल्या स्त्रीला पुढच्या गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास होण्याची शक्यताही वाढते. कॅनडातल्या अभ्यासात किडनी दिलेल्या स्त्रियांत हे प्रमाण ११ टक्के आणि न दिलेल्यांत ५ टक्के होतं.

आता भारताकडे बघा. राष्ट्रीय संस्था 'नोट्टो'च्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणं झाली, त्यांत १३,४२६ किडनीची. जिवंत दाते सुमारे १५,४०० होते आणि त्यांत ९,७८४ महिला. म्हणजे दर पाच जिवंत दात्यांमागे तीन बायका. मृत्यूनंतर अवयव देणारे दाते सगळ्या देशात मिळून १,०९९.

त्यामुळे आपल्याकडे 'कुणाची किडनी चालेल' या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो: 'घरातलं कोण देईल' आणि 'तिला नाही म्हणता येईल का'. पुरुषाला किडनी लागली तर बायकोने द्यायची, बाईला लागली तर 'जुळत नाही' म्हणून थांबायचं, हा प्रकार फक्त अँटिबॉडीजने समजावता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नोट्टोने राज्यांना दिलेल्या सूचनांत, मृत दात्याच्या अवयवांसाठी थांबलेल्या महिलांना वाटपात जादा गुण देण्याचं सुचवलं, ते याच असमतोलामुळे.

घरातलं कुणीच जुळत नसेल तर?

तीन कायदेशीर रस्ते आहेत.

एक, स्वॅप. तुमच्या बायकोची किडनी तुम्हाला चालत नाही पण माझ्या नवऱ्याला चालते, आणि माझी तुम्हाला. मग अदलाबदल. आपल्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने याला मान्यता आहे. अशा जोड्या कशा लावायच्या याच्या गणितात मोलाचं काम करणारे आल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. लक्षात घ्या, स्वॅपमध्ये प्रत्येक रुग्णाला अनोळखी माणसाची किडनी मिळते. रक्ताच्या नात्याशिवाय किडनी चालत नसती तर ही पद्धत उभीच राहिली नसती. २०२५ मध्ये नोट्टोने सर्व राज्यांना स्वॅपसाठी देशभर एकसारखी योजना राबवायला सांगितलं. यादी जितकी मोठी, जोडी जुळण्याची शक्यता तितकी जास्त.

दोन, रक्तगट न जुळता केलेलं प्रत्यारोपण. आधी रक्तातल्या अँटिबॉडीज काढून टाकतात. खर्च जास्त आणि संसर्गाचा धोका थोडा अधिक, पण अनुभवी केंद्रांत हे होतं.

तीन, मृत दात्याची प्रतीक्षायादी. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्यांकडे हॉस्पिटलमार्फत नाव नोंदवता येतं. घरात दाता शोधणं चालू असतानाही नाव नोंदवून ठेवावं. ही किडनी सरासरीने कमी वर्षं टिकते. अमेरिकेतल्या अलीकडच्या अंदाजात जिवंत दात्याची साधारण १९ वर्षं, मृत दात्याची साधारण १२ वर्षं. पण ज्यांना प्रत्यारोपण झेपणार आहे, त्यांच्यासाठी ही १२ वर्षंही सहसा डायलिसिसवर राहण्यापेक्षा चांगली. आणि त्यासाठी कुठल्याही जिवंत माणसाला ऑपरेशन टेबलवर जावं लागत नाही.

बैठकीत कोणते प्रश्न विचारावेत?

'रक्ताचं नातं आहे का' हा प्रश्न शेवटी ठेवा. त्याआधी हे विचारा:

• इच्छुक व्यक्तीचा रक्तगट चालतो का? क्रॉसमॅच काय सांगते?
• दात्याला रक्तदाब, मधुमेह, किडनी स्टोन आहे का? वय काय?
• रुग्णाचा आजार घराण्यात चालणारा आहे का? असेल तर नात्यातला दाता तपासून झाला का?
• रुग्ण तरुण असेल तर पुढच्या प्रत्यारोपणाचा विचार झाला का?
• दात्याची दरवर्षी तपासणी कोण करून घेणार? तो खर्च कोण उचलणार?
• आणि दात्याला घरच्यांच्या गैरहजेरीत डॉक्टरांशी एकट्याने बोलता आलं का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. दात्याला मनातून द्यायची नसेल तर डॉक्टर कारण उघड न करता 'वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही' एवढंच सांगून त्याला बाजूला ठेवू शकतात. ही सोय असते, हे दात्यांना माहीत नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर 'रक्ताच्या नात्याचीच किडनी चालते' असा मेसेज आला तर सांगा, ही गोष्ट चाळीस वर्षं जुनी झाली. आज बायकोची किडनी नवऱ्याला चालते. नवऱ्याचीही बायकोला चालते, फक्त त्यासाठी त्याने तपासणीला जायला हवं.